कोंबडीला किती जागा लागते?

मे महिन्यातली दुपार. नागपूरच्या आसपास पारा पंचेचाळिशीच्या घरात. घरातली मोठी माणसे कामावर गेलेली. मांजर-कुत्र्यांच्या भीतीने आठ-दहा कोंबड्या टिनाच्या छपराच्या खुराड्यात कोंडलेल्या. संध्याकाळी दार उघडावे तर त्यांतल्या दोन मान टाकून पडलेल्या! 'मानमोडी आली', असे म्हणून आपण मोकळे होतो. रोग असूही शकतो. पण पुष्कळदा दोष खुराड्याचा असतो, आणि तो साध्या गणिताने आधीच ओळखता येतो.

कोंबडीला लागणारी जागा मोजायची कशी? १९८९ साली इंग्लंडमध्ये डॉकिन्स आणि हार्डी या संशोधकांनी अंड्यांवरच्या कोंबड्यांचे वरून चित्रण केले आणि प्रत्येक हालचालीत कोंबडी किती जमीन व्यापते ते मोजले. नुसती उभी असताना ती ४२८ ते ५९२ चौरस सेंटिमीटर जागा घेते. पायाने माती उकरताना ५४० ते १००५, जागच्या जागी वळताना ९७८ ते १६२६ आणि पंख फडफडवताना ८६० ते १९८०. एक चौरस फूट म्हणजे सुमारे ९३० चौरस सेंटिमीटर. म्हणजे एका चौरस फुटात कोंबडी आरामात उभी राहील, पण वळताना अडखळेल. पंख पुरते पसरायला तिला दोन चौरस फुटांहून थोडी जास्तच जागा हवी. गादी पद्धतीत, म्हणजे जमिनीवर भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा पसरून कोंबड्या पाळतात तेव्हा, अंड्यांवरच्या प्रत्येक कोंबडीमागे दोन ते अडीच चौरस फूट जागा ठेवायला सांगतात, ते यामुळे पटते. कोंबड्या दिवसभर अंगणात चरत असतील आणि खुराडे फक्त रात्रीपुरते असेल, तर मात्र कोंबडीमागे एक ते दीड चौरस फूट जागा आणि बसायला वीतभर दांडी पुरते.

पण एवढ्यावर हिशेब संपत नाही. कोंबडीला जमीन लागते तशी हवाही लागते. सुमारे दोन किलोची कोंबडी शरीरातून साधारण १० वॉट उष्णता बाहेर टाकते. म्हणजे दहा कोंबड्यांच्या बंद खुराड्यात शंभर वॉटचा जुना दिवा सतत जळतो आहे असे समजा. कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. भोवतालची हवा याहून थंड असेल तोवर उष्णता हवेत निघून जाते. हवा तितकीच तापली की ही वाट बंद होते, आणि त्याहून जास्त तापली तर उष्णता उलट कोंबडीच्याच अंगात शिरू लागते. कोंबडीला घर्मग्रंथी नसतात. त्यामुळे चोच उघडून धापा टाकणे आणि श्वासावाटे पाण्याची वाफ करणे, एवढाच उपाय तिच्या हाती उरतो.

इथे नागपूरकरांना आपला कूलर आठवावा. तोही पाण्याची वाफ करूनच हवा थंड करतो आणि मे महिन्यातल्या कोरड्या हवेत उत्तम चालतो. पण खिडकी बंद ठेवून कूलर लावला की थोड्या वेळात खोली दमट होते आणि गारवा जातो. बंद खुराड्यात नेमके हेच घडते. कोंबड्यांच्या धापांनी हवा दमट होते, वाफ होणे मंदावते आणि कोंबडीचा 'कूलर' बंद पडतो. त्यातच ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि डोळे व श्वासनलिका चुरचुरतात. फार धापा टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि कवच बनायला लागणारे कार्बोनेटही कमी पडते. उन्हाळ्यात अंड्यांची कवचे पातळ होण्याचे हे एक कारण आहे.

आता थोडी भूमिती. ४ × ४ फुटांचे, चारी बाजूंना जाळी असलेले खुराडे घ्या. क्षेत्रफळ १६ चौरस फूट, म्हणजे ८ कोंबड्या. परिमिती १६ फूट. प्रत्येकीच्या वाट्याला २ फूट जाळी आली. कोंबड्या वाढल्या म्हणून ८ × ८ फुटांचे बांधले. क्षेत्रफळ ६४, कोंबड्या ३२, परिमिती ३२ फूट. जमीन तेवढीच मिळाली, पण जाळी एकच फूट! क्षेत्रफळ चौपट झाले, परिमिती मात्र दुप्पटच. तेच ६४ चौरस फूट ४ × १६ असे मांडले तर परिमिती ४० फूट होते, आणि हवेला आरपार जायला चारच फूट अंतर पडते. कुक्कुटपालनाच्या शेड लांब आणि अरुंद का असतात, याचे उत्तर इथे आहे. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवतात, कारण मग सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन अरुंद बाजूंवरच पडते. नागपुरात मेअखेरीस सूर्य भरदुपारी जवळजवळ डोक्यावर असतो. ते ऊन अडवायचे काम छपराचे. म्हणून टिनावर चुना फासावा किंवा पऱ्हाट्या पसराव्यात, आणि पिण्याचे पाणी सावलीत ठेवावे.

वर्गात करून पाहण्याजोगे : जुन्या वर्तमानपत्रातून ५००, ९३० आणि १९०० चौरस सेंटिमीटरचे चौकोन कापून घ्या. मुलांनी आपापल्या घरचे किंवा शेजारचे खुराडे मोजावे, कोंबड्या मोजाव्यात आणि कोंबडीमागे किती जमीन व किती उघडी बाजू येते ते काढावे. मग नाक कोंबडीच्या उंचीवर नेऊन वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर आणखी मोजमाप करण्याची गरज नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर उन्हाला दोष देऊन थांबू नये. मेलेल्या पक्ष्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. २०२४ च्या मार्चमध्ये नागपुरातच बर्ड फ्लू आढळला होता. खुराडे नीट असेल तर उन्हाचा संशय आधीच दूर होतो, आणि रोग लवकर ओळखू येतो.