ऑफिसचं अकाउंट सारखं लॉक होतंय? पासवर्ड पुन्हा बदलण्याआधी हे वाचा

समजा, एका कंपनीचं मुख्य ऑफिस साताऱ्यात आहे आणि कारखाना सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत. अकाउंट्समधला एक कर्मचारी आठवड्यातले चार दिवस साताऱ्यात बसतो, दोन दिवस कुपवाडला जातो. महिन्याची १९ तारीख आहे, जीएसटीआर-३बी भरायची मुदत उद्या संपतेय. सकाळी लॉगिन करायला जावं तर अकाउंट लॉक. आयटीवाले उघडून देतात. अर्ध्या तासाने पुन्हा लॉक. मग पासवर्ड रीसेट होतो, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा तेच. संध्याकाळपर्यंत ऑफिसचं मत ठरलेलं असतं: याला पासवर्डच लक्षात राहत नाही.

हे मत बहुतेक वेळा चुकीचं असतं. अकाउंट एकदा लॉक झालं तर माणूस चुकला असेल. कॅप्स लॉक चालू राहिलं असेल किंवा कीबोर्ड मराठीवर गेला असेल. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे आपण देवनागरीत टाइप करतोय हे कळतच नाही. पण बरोबर पासवर्ड टाकून आत गेल्यावर, काहीही टाइप न करता अकाउंट लॉक होत असेल, तर चुकीचा पासवर्ड कुठलं तरी यंत्र पाठवतंय.

जुना पासवर्ड कुठे राहतो?

आपण पासवर्ड एका जागी बदलतो, पण तो साठवलेला असतो पाच-सहा जागी. खिशातल्या मोबाइलच्या मेल अ‍ॅपमध्ये, ऑफिसच्या वायफायमध्ये, ब्राउझरमध्ये, विंडोजच्या 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये. कुपवाडच्या कॉम्प्युटरवर गेल्या आठवड्यात लॉगिन करून फक्त स्क्रीन बंद केली असेल, तर तो कॉम्प्युटर अजून तुमच्याच नावाने शेअर्ड फोल्डर उघडायचा प्रयत्न करत असतो. रिमोट डेस्कटॉपचंही तसंच. फुलीवर क्लिक केलं की खिडकी बंद होते, सेशन चालूच राहतं. कोणी कधी लक्षात घेत नाही अशी आणखी एक जागा म्हणजे झेरॉक्स-स्कॅनरचं मशीन. स्कॅन केलेला कागद फोल्डरमध्ये जावा म्हणून त्यात कोणाचा तरी पासवर्ड कधीतरी भरून ठेवलेला असतो.

हे प्रत्येक यंत्र जुना पासवर्ड पुन्हा पुन्हा पाठवतं. ठरावीक वेळा चुकलं की सर्व्हर अकाउंट बंद करतो. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांमध्ये मूळ सेटिंग १० चुका आणि १० मिनिटांचं लॉक असं आहे; कंपन्या आपापले आकडे ठरवतात.

रीसेट केल्याने त्रास वाढू शकतो

मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत एक सवलत आहे. चुकीचा पासवर्ड हा तुमच्या मागच्या दोन पासवर्डांपैकीच एक असेल, तर पासवर्डांचा इतिहास ठेवलेल्या सिस्टीममध्ये ती चूक साधारणपणे मोजली जात नाही. कुठेतरी जुना पासवर्ड राहिलाच असणार, हे गृहीत धरून केलेली ही सोय आहे. आता बघा: आयटीने तात्पुरता पासवर्ड दिला, हा एक बदल. तुम्ही तो बदलून स्वतःचा ठेवला, दोन. दुपारी पुन्हा रीसेट झाला, तीन. कुपवाडच्या कॉम्प्युटरमधला पासवर्ड आता मागच्या दोनांत राहिला नाही, आणि त्याची प्रत्येक चूक मोजली जाऊ लागली. सकाळी जी एक साधी चूक होती, तिचं रीसेटमुळे दिवसभराचं दुखणं झालं.

म्हणून आयटीला फोन कराल तेव्हा "अनलॉक करून द्या" एवढंच सांगू नका. "लॉक कुठल्या कॉम्प्युटरवरून होतंय ते बघा" असं सांगा. डोमेन कंट्रोलरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये प्रत्येक लॉकची नोंद ४७४० या क्रमांकाने होते आणि त्यात सहसा त्या यंत्राचं नाव असतं. लॉक झाल्याची नेमकी वेळ लिहून ठेवा, म्हणजे नोंद पटकन सापडते. वेळेवरून तुम्हालाही अंदाज येतो. रोज ठरल्या वेळी लॉक होत असेल तर एखादा बॅकअप किंवा ठरवून ठेवलेलं काम. ऑफिसात पाऊल ठेवल्यावर होत असेल तर मोबाइलचं वायफाय. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकून तासभर बघा, निम्मी शंका तिथेच फिटते.

नोंदीतलं नाव ओळखीचं नसेल किंवा प्रयत्न बाहेरून येत असतील, तर मात्र कोणीतरी तुमचा पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करत असू शकतं. अशा वेळी नुसतं अनलॉक करून काम पुढे ढकलू नये.

दोन गोष्टी अजिबात करू नका. एक, काम अडलं म्हणून शेजारच्याचं लॉगिन वापरू नका. बँकेत किंवा पतसंस्थेत तर एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने पास करायची असते. दोन्ही लॉगिन एकाच्या हातात आली की या पद्धतीला अर्थच उरत नाही, आणि पुढे चौकशी झाली तर नाव निघतं त्या शेजाऱ्याचं. दुसरं, "आयटीतून बोलतोय, अनलॉकसाठी ओटीपी सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या आणि आपल्याकडच्या नंबरवर स्वतः फोन करा. रोज लॉक होणाऱ्या माणसाला असा फोन खरा वाटतो. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच तक्रार करा.

दर काही महिन्यांनी पासवर्ड सक्तीने बदलायला लावण्याची शिफारस मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपल्या सुरक्षा निकषांतून काढून टाकली. आपल्याकडे अनेक ऑफिसांत ती सक्ती अजून आहे आणि लॉकच्या बऱ्याच तक्रारी त्याच आठवड्यात येतात. तुमच्याकडे असेल तर क्रम असा ठेवा: आधी कुपवाडच्या कॉम्प्युटरवरून साइन आउट, मोबाइल एअरप्लेन मोडवर, मग साताऱ्यात पासवर्ड बदला. बाकी ठिकाणचे जुने पासवर्ड काढून नवीन भरा, आणि मोबाइल सुरू केल्यावर लगेच मेल आणि वायफायमध्येही नवा टाका.