शर्टावरचा रक्ताचा ठिपका

आजचा विषय ऐकून घरातली पुरुषमंडळी रेडिओचा आवाज कमी करायला उठतील. कृपया उठू नका, हा विषय तुमचाच आहे: पुरुषांना होणारा स्तनाचा कर्करोग. मी डॉक्टर नाही, आयटीवाला आहे. जे वाचून समजलं ते सोपं करून सांगतो.

२०१९ सालची गोष्ट. गायिका बियॉन्सेचे वडील मॅथ्यू नोल्स यांच्या शर्टावर छातीपाशी रक्ताचा ठिपका दिसू लागला. पुढे चादरीवरही डाग दिसले. तपासणीत स्तनाचा कर्करोग निघाला, ऑपरेशन झालं. त्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी टीव्हीवर हे सगळं उघडपणे सांगितलं.

अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या दर १०० रुग्णांमागे साधारण एक पुरुष असतो. बहुतेकांना स्तनाग्राखाली टणक, न दुखणारी गाठ लागते. पण काहींमध्ये खूण वेगळीच असते. स्तनाग्रातून रक्त येतं किंवा ते आत ओढलं जातं. कधी आधी काखेतच गाठ लागते. कधी स्तनाग्रावर इसबासारखी खाज येते, खपल्या धरतात आणि मलम लावूनही बरं वाटत नाही. हा ‘पॅजेट’ नावाचा दुर्मीळ प्रकार असू शकतो.

छाती थोडी वाढली म्हणजे कर्करोगच, असं मुळीच नाही. साधी वाढ बहुधा मऊ, रबरासारखी असते. पण फरक डॉक्टरांनाच ठरवू द्या. मॅमोग्राम, सोनोग्राफी, बायोप्सी पुरुषांचीही होते. ‘हा बायकांचा आजार’ म्हणून लाजण्यात जे महिने जातात, ते महागात पडतात.

आणखी एक. नोल्स यांच्यात बीआरसीए-२ या जनुकातला दोष आढळला. असा दोष वडिलांकडून मुलगा किंवा मुलगी, कुणालाही येऊ शकतो. प्रत्येक अपत्याला शक्यता ५० टक्के. म्हणजे बाबांनी तपासणी टाळली, तर मुलांनाही धोका कळत नाही.

इथले डॉक्टर ‘फॅमिली हिस्टरी’ विचारतात, तेव्हा आपण आई-मावशीचं सांगतो आणि आत्या, काका, वडिलांकडची आजी विसरतो. घरात तरी कुठे नीट बोललेलं असतं? ‘आत्या आजारी होती’, एवढंच आपल्याला ठाऊक. या रविवारी भारतात फोन लावाल, तेव्हा आत्याला नक्की काय झालं होतं ते विचारा आणि लिहून ठेवा.

काळजी घ्या. पुन्हा भेटूच!