जुन्या संगणकातील हिशेब नव्यावर नेताना

विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाल्या. तेव्हापासून राहात्याच्या पेठेतही जुने संगणक काढून नवे घेण्याची बोलणी चालू आहेत. ज्या व्यापारी बंधूंनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ‘ॲक्सेस ९७’ मध्ये उधारी, थानांचा साठा आणि कारागिरांची मजुरी यांचा प्रोग्रॅम करून घेतला, त्यावर नावनिशी कुलूप बसवले आणि तो आजही वापरात ठेवला आहे, त्यांनी जुना संगणक भंगारात देण्याची घाई करू नये.

होते असे की, हिशेबाची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन नव्या संगणकावर उघडली जाते. तो नाव विचारत नाही की पासवर्ड विचारत नाही. सरळ सांगतो, तुम्हाला परवानगी नाही. मालक चक्रावतो. दुकान माझे, माल माझा, आणि इजाजत कोणाची घ्यायची?

यात संगणकाचा दोष नाही. या पद्धतीत तिजोरी एका फाइलीत असते आणि चावीवाल्यांची यादी दुसऱ्या. ‘एमडीबी’ नावाने संपणाऱ्या फाइलीत हिशेब असतो, शिवाय कोणाला काय पाहता येईल याची नोंदही असते. पण ती नोंद माणसाच्या नावाने नसते, गुप्त क्रमांकाने असते. मुनीमजी, मालक, काउंटरवरचा मुलगा यांची नावे व पासवर्ड ‘एमडीडब्ल्यू’ नावाने संपणाऱ्या वेगळ्या फाइलीत राहतात. तिला वर्कग्रुप फाइल म्हणतात. नव्या संगणकात ॲक्सेसची स्वतःची कोरी वर्कग्रुप फाइल असते आणि तिच्यात तुम्ही फक्त ‘ॲडमिन’ नावाचे अनोळखी गृहस्थ असता. तिजोरीने ओळख द्यावी तरी कशी?

म्हणून दोन्ही फाइली सोबत न्याव्यात. वर्कग्रुप फाइल कुठे आहे हे जुन्या संगणकावरच कळते. प्रोग्रॅम ज्या चिन्हावर टिचकी मारून उघडता, त्याच्या माहितीत पत्ता सापडू शकतो, नाहीतर ‘वर्कग्रुप ॲडमिनिस्ट्रेटर’ हा छोटा प्रोग्रॅम तो दाखवतो. ती फाइल गेली असेल तर पुन्हा बनवता येते, पण त्यासाठी पहिल्या वेळी दिलेले नाव, संस्थेचे नाव व वर्कग्रुपचा सांकेतिक शब्द जसाच्या तसा हवा, लहान-मोठी अक्षरेसुद्धा तीच. शिवाय प्रत्येक वापरणाऱ्याचा वेगळा सांकेतिक क्रमांकही हवा, आणि तो पासवर्डपेक्षा निराळा असतो. हे सारे प्रोग्रॅमरने कागदावर लिहून द्यायला हवे होते. कितीजणांनी दिले, हे ज्याचे त्याला ठाऊक. जुना प्रोग्रॅमर शहरात असेल तर आजच गाठावा.

आता रूपांतर. रोज बिले करणाऱ्या मुलाच्या नावाने आत शिरून हे काम होत नाही. ज्याला फाइल उघडण्याची व ती एकट्याने ताब्यात घेण्याची, सर्व तक्त्यांची रचना बदलण्याची आणि बाकी प्रत्येक वस्तूची रचना वाचण्याची परवानगी आहे, त्याच्याच नावाने ते करावे. त्या वेळी दुसऱ्या कोणाच्या संगणकावर फाइल उघडी नसावी. फाइलीची मालकी बदलायची असेल तर नव्या नावाने कोरी फाइल काढून त्यात सर्व वस्तू आयात कराव्यात. त्यालाही वाचण्याची पूर्ण परवानगी लागतेच. प्रोग्रॅम ‘एमडीई’ स्वरूपात दिला असेल तर त्याचे रूपांतर होत नाही, प्रोग्रॅमरकडची मूळ फाइलच हवी.

आणखी एक अडचण आवृत्तीची आहे. ॲक्सेस २०१३ पासून पुढच्या आवृत्त्या ९७ ची फाइल उघडतच नाहीत. मधल्या पायरीला २००३ किंवा २०१० ची आवृत्ती असलेला संगणक शोधावा लागतो. जुना संगणक ठेवा म्हणतो ते यासाठीही.

आणि रूपांतर झाल्यावर गाफील राहू नका. २००७ पासून आलेल्या ‘एसीसीडीबी’ या नव्या स्वरूपात प्रत्येकाच्या नावाची वेगळी परवानगी ही सोयच नाही. संपूर्ण फाइलीला एक पासवर्ड, एवढेच. ज्याला तो कळला त्याला खरेदीचा भाव, नफा, गिऱ्हाइकाची उधारी, सगळे खुले. माझ्या मते खरेदीचा हिशेब वेगळ्या फाइलीत ठेवावा आणि ती ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे विंडोजकडूनच बंदी घालावी. अनोळखी माणसाकडून कुलूप तोडून घेणे स्वस्त पडते, पण गिऱ्हाइकांची सारी उधारी त्याच्या हाती जाते, हेही ध्यानात घ्या.

कापडावर १ जुलै २०१७ पासून जीएसटी आहे. त्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात, अपील चालू असेल तर त्याहूनही जास्त. रूपांतर करण्याआधी दोन्ही फाइलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, आणि येणे बाकीची यादी जुन्याच संगणकावरून कागदावर छापून घ्यावी.