अंबाबाईचं दर्शन झालं, आता खासबाग बघू

मे महिना आला की बचत गटात सहलीचा विषय निघतो आणि ठरलेल्या वाटेनं जातो. दर्शन, ओटी, प्रसाद, घर. गेल्या उन्हाळ्यात आम्ही कोल्हापूर ठरवलं. अंबाबाईवर सगळ्यांचं एकमत होतं. पण एका काकूंनी "खासबाग मैदान बघू" म्हटलं आणि बैठकीत जुंपली. कुस्तीच्या मैदानात बायकांचं काय काम? काकूंच्या नातीला तालमीत जायचं आहे आणि मुलगा नको म्हणतो, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.

खर्चाचं आधी सांगतो. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजींना तर तिकीटच नाही. मैदान रोज उघडं असेलच असं धरू नका, निघण्याआधी चौकशी करा. आणि पाणी पीत राहा. स्वच्छतागृह मिळेल की नाही या भीतीनं आपण दिवसभर तोंड कोरडं ठेवतो आणि संध्याकाळी डोकं धरून बसतो. उतरल्या उतरल्या स्टँडवर आधी त्याचीच सोय विचारून घ्यावी, त्यात लाज कसली?

दर्शन सकाळी लवकर उरकलं आणि ऊन चढायच्या आत खासबागेत गेलो. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोममधलं कलोसियम पाहिलं. दगडी पायऱ्यांचं ते जुनं गोल मैदान त्यांच्या मनात राहिलं आणि कोल्हापुरात त्यांनी कुस्तीसाठी तसं मैदान बांधून घेतलं. ते १९१२ साली सुरू झालं. मधोमध मातीचा हौदा आणि चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक, त्यामुळे पुढच्याचं डोकं मागच्याच्या आड येत नाही. आम्ही मुद्दाम सगळ्यात वर जाऊन बसलो. खाली हौद्याजवळ उभी असलेली आमची मैत्रीण स्वच्छ दिसत होती. आमच्या जत्रेतल्या कुस्त्या आम्ही जन्मभर कुणाच्या तरी माडीवरून, पदर सावरत, अर्ध्यामुर्ध्याच पाहिल्या. मैदानात ऐसपैस बसायची आमच्यातल्या बहुतेकींची ती पहिलीच वेळ.

हौद्यातली माती म्हणजे नुसती माती नसते. तांबडी माती चाळून घेतात आणि तिच्यात हळद, ताक, लिंबू, तेल, कापूर घालून ती मळतात. हळद कशाला, हे आपल्याला कुणी सांगायला नको. खरचटलं की घरात आपण तीच लावतो. तेला-ताकानं माती मऊ राहते, पडणाऱ्याला लागत नाही. अर्धा माल आपल्या फडताळातला निघाला म्हणून आम्ही हसलो.

मैदानाला लागूनच शाहू महाराजांनीच बांधून घेतलेलं नाट्यगृह आहे, संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाचं. ते ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं. कोल्हापूरकर त्याबद्दल बोलताना अजून हळवे होतात.

कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव मूळचे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. पण जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली आणि कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, असं सांगतात. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या लावून ते पैसे फेडले. हे ऐकताना आमच्या हिशेबनीस बाई म्हणाल्या, "तारण, कर्ज, परतफेड, सगळं आपल्या वहीतलंच की!"

आणि मुली? मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, ती प्रतीक्षा बागडीनं जिंकली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं तर २०१० सालीच नेमबाजीत जागतिक विजेतेपद आणलं होतं. काकू हे सगळं मन लावून ऐकत होत्या. नातीची गोष्ट त्यांनी तिथेच, पायरीवर बसून सांगितली.

दुपार कलल्यावर पन्हाळ्याला गेलो. गड सुमारे तीन हजार फूट उंचावर, वर वारा छान. २०२५ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून ज्या बारा किल्ल्यांची निवड केली, त्यांत हा आहे. वेळ थोडा असेल तर बाकी सोडा, अंबरखाना बघा. गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याच्या तीन कोठारांची नावं. बाहेरून पायऱ्या चढून छतावर जायचं आणि वरच्या भोकांतून धान्य आत ओतायचं. आपली कणगी वरून भरतो तसंच, फक्त ही कणगी वाड्याएवढी. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा महिनोन् महिने चालला. गडावर लढणाऱ्यांची नावं आपण पाठ म्हणतो, त्यांना रोज भाकरी कुठून मिळाली ते या कोठारांपाशी कळतं. गडावर ताराराणींचा वाडाही आहे. १७०० साली नवरा गेला तेव्हा त्या जेमतेम पंचविशीच्या होत्या, आणि पुढची सात वर्षं त्यांनी औरंगजेबाच्या फौजेला दाद दिली नाही.

परतीच्या गाडीत काकूंनी मुलाला फोन लावला. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. पुढच्या बैठकीत मात्र काकूंनी विचारलं, तालमीची फी आणि खुराक गटाच्या कर्जात बसतो का? हिशेबनीस बाईंनी वहीत तसं कलम लिहून ठेवलं आहे.