डॉ. आंबेडकर आणि कामगार चळवळ

मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी अधिक मिळे. परंतु धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या सबबीवर तेथे अस्पृश्य कामगारांना मज्जाव होता. आणि हा विरोध मुख्यतः सवर्ण कामगारांचाच होता. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संघटनेच्या पुढाऱ्यांना याचा जाब विचारला. तेव्हा, काहीशा नाखुशीनेच, हा प्रश्न मागण्यांत समाविष्ट झाला.

तथापि, त्यांनी कामगार चळवळीकडे पाठ फिरविली नाही. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. संपाच्या हक्कावर बंधने घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला, तेव्हा जुने मतभेद बाजूस ठेवून ते कम्युनिस्ट पुढाऱ्यांसमवेत उभे राहिले.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य या नात्याने त्यांनी मालकांवर कामगार संघटनांना मान्यता देण्याचे बंधन घालणारे विधेयक १९४३ मध्ये मांडले. १९४६ च्या कारखाना कायदा दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला.

मालकाकडे न्याय मागणाऱ्या संघटनेने आपल्या सभासदांनाही समान न्याय द्यावा, हाच त्यांच्या भूमिकेचा गाभा होता.