क्लाउडची पहिली परीक्षा: पहूर-जामनेरच्या पोरांसाठी

पहूर-जामनेरकडची बरीच पोरं विचारतात, क्लाउडच्या सर्टिफिकेटला सुरुवात कुठून करायची? माझं उत्तर ठरलेलं आहे: एडब्ल्यूएसची, म्हणजे अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेसची, क्लाउड प्रॅक्टिशनर. कोडिंग येत नसलं तरी चालतं. ९० मिनिटांत ६५ प्रश्न, १००० पैकी ७०० गुण मिळाले की पास. फी १०० डॉलर, वर कर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका.

नुसतं पाठांतर नको, शेतातलं उदाहरण घ्या. केळीला दोन विहिरींचं पाणी असेल, तर एकीची मोटर जळली तरी बाग वाळत नाही. क्लाउडमधले अव्हेलेबिलिटी झोन म्हणजे नेमकं हेच: एक बंद पडला तरी दुसऱ्यावर काम चालू राहतं. २०१६ साली सुरू झालेल्या एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्ये असे तीन झोन आहेत. तसंच शेअर्ड रिस्पॉन्सिबिलिटीचं. मीटरपर्यंत वीज आणणं कंपनीचं काम, घरातलं वायरिंग आपलं. डेटा सेंटर आणि यंत्रं अ‍ॅमेझॉन सांभाळतं; पासवर्ड, परवानग्या आणि आपला डेटा आपण सांभाळायचा. सुरक्षेवर ३० टक्के गुण आहेत, तिथे वेळ द्या.

अभ्यासाला एडब्ल्यूएसच्याच स्किल बिल्डर साइटवरचा मोफत कोर्स घ्या. परीक्षा घरूनही देता येते, पण आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही; केंद्रावर जाणंच बरं.

आणि हे फार कमी जणांना माहीत असतं: इंग्रजी मातृभाषा नसेल तर ३० मिनिटं जादा मिळतात. त्याची विनंती बुकिंगच्या आधीच करावी लागते. आधी ती टाका, मगच तारीख घ्या.