पस्तिशीपूर्वीचा अर्ज

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरचे राजधानीपण संपुष्टात आले आणि जुन्या मध्यप्रदेशाच्या सचिवालयातील दफ्तरांबरोबर कितीतरी मराठी कारकून आणि हिशेबनीस सहकुटुंब भोपाळास बदलून आले. पुढे भेलच्या कारखान्याने त्यांत आणखी भर घातली. या कुटुंबांनी येथे घरे बांधली, मुलांना पदव्या दिल्या आणि एक अलिखित संकेतही रुजवला, की माणसाने तरुणपणी एकदाच मार्ग निवडावा आणि निवृत्तिवेतनाचा हुकूम हाती पडेपर्यंत त्याच मार्गाने चालावे. त्या संकेताचा पूर्ण मान राखूनही तो सर्वांना पुरणारा नाही असे म्हणणे आज भाग आहे. एम. पी. नगरातील एखाद्या खाजगी कचेरीत वर्षानुवर्षे हिशेब लिहिणारी वाणिज्य शाखेची पदवीधर स्त्री, सासऱ्यांच्या दीर्घ दुखण्यात रुग्णालयाच्या बाकावर रात्रीमागून रात्री काढल्यावर, हेच काम आता आपण करावयाचे असा निश्चय करून उठते, तेव्हा तिला पडणारा पहिला प्रश्न अगदी व्यवहारी असतो: हाती एक पदवी आहे, तर नर्सिंगचे शिक्षण थोडक्या काळात पुरे होईल काय?

अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. तेथील सेंट लुई विद्यापीठाने 1971 साली इतर विषयांच्या पदवीधरांसाठी नर्सिंगचा संक्षिप्त पदवी-अभ्यासक्रम काढला, आणि आता असे अभ्यासक्रम तेथे जागोजाग असून ते साधारणतः 11 ते 18 महिन्यांत पुरे होतात. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि संख्याशास्त्र हे विषय आधी उत्तीर्ण झालेले असावेत एवढी अट घालून, पूर्वीच्या पदवीतील सामान्य शिक्षण पुन्हा शिकवण्याचे कारण नाही हे तत्त्व तेथील विद्यापीठांनी मान्य केले. अवधी आखडला तरी रुग्णशय्येपाशी करावयाच्या कामाचे तास सोडून दिले जात नाहीत. म्हणूनच हे महिने अतिशय कष्टाचे असतात आणि त्या काळात दुसरी नोकरी करणे बहुतेकांना अशक्य होते.

भारतात मात्र असा मार्ग नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांप्रमाणे बी. एस्सी. नर्सिंगला चार वर्षे, म्हणजे आठ सत्रे लागतात, आणि अर्जदार नुकती बारावी झालेली असो वा दहा वर्षांपूर्वी एम. कॉम. झालेली असो, एकही सत्र माफ होत नाही. शिवाय बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय घेऊन किमान 45 टक्के गुण (अनुसूचित जाती-जमातींसाठी 40) मिळालेले असावे लागतात. त्यामुळे कला किंवा वाणिज्य शाखेच्या पदवीधरांना हे दार पहिल्या पायरीवरच बंद होते. त्यांच्यासाठी उघडे राहते ते जी. एन. एम.चे, म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्र पदविकेचे दार. त्यासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजी विषय आणि किमान 40 टक्के गुण पुरेसे असतात, आणि शिक्षण तीन वर्षांचे असते. ही पदविका आणि राज्य परिषदेकडील नोंदणी झाली की पोस्ट बेसिक बी. एस्सी. नर्सिंगची दोन वर्षे करून पदवीही मिळवता येते. तीन अधिक दोन अशी पाच वर्षे खर्ची पडतात हे खरे. परंतु पहिल्या तीन वर्षांच्या अखेरीस पगार सुरू होऊ शकतो, आणि घरखर्चाचा भार ज्यांच्यावर आहे त्यांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे.

या साऱ्या तपशिलात ज्या बाबीकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि जी सर्वांत अधिक घात करते, ती वयाची. प्रवेशासाठी परिषदेने घातलेली कमाल मर्यादा पस्तीस वर्षांची आहे, आणि ती वाचून तिशीच्या अर्जदाराला पाच वर्षे हाताशी आहेत असे वाटते. परंतु एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदासाठी होणाऱ्या नॉरसेट परीक्षेची सर्वसाधारण मर्यादा तीस वर्षांची आहे, आणि जी. एन. एम. झालेल्यास तिला बसण्यापूर्वी किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणजे साकेत नगरातील एम्सच्या नोकरीवर ज्यांची दृष्टी आहे, त्यांनी जी. एन. एम.ची सुरुवात पंचविशीच्या आतबाहेर केलेली असली पाहिजे. राखीव प्रवर्गांना जी सवलत आहे तीही मोजक्याच वर्षांची आहे. शिकण्याचे दार पस्तिशीपर्यंत उघडे आणि उत्तम सरकारी नोकरीचे दार तिशीलाच बंद, ही विसंगती मला अन्यायाची वाटते. रेल्वेच्या व राज्याच्या भरतीत मर्यादा त्या मानाने उदार असते आणि खाजगी रुग्णालयांत अनुभवाला अधिक मोल असते. तेव्हा तिशी ओलांडलेल्यांनी निराश होण्याचे कारण नाही, पण आपण कोणत्या नोकरीसाठी शिकत आहो हे प्रवेशाच्या आधी ठरवावे.

प्रौढ वयात या पेशाकडे वळणे हे आपल्या समाजात नवे आहे, असे मात्र कोणी समजू नये. 1909 साली पुण्यात सेवासदन निघाले, आणि रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली ससून रुग्णालयाच्या साहाय्याने परिचारिकांच्या व सुइणींच्या शिक्षणाची जी सोय तेथे झाली, तिचा लाभ घेणाऱ्यांत बालपणी विवाह होऊन अकाली वैधव्य आलेल्या, घराबाहेरचे जग न पाहिलेल्या स्त्रिया होत्या. परक्या माणसाच्या देहाला स्पर्श करावयाचा, कोणत्याही जातीच्या रुग्णाची सेवा करावयाची, घरापासून दूर राहावयाचे, या गोष्टींना त्या काळी केवढा विरोध होता याची कल्पना आज करणेही कठीण आहे. त्याच सुमारास भोपाळ संस्थानात सुलतान जहाँ बेगम (कारकीर्द 1901 ते 1926) दायांना शास्त्रीय शिक्षण देण्याच्या खटपटीत होत्या, आणि त्या दायाही काही सोळा-सतरा वर्षांच्या मुली नव्हत्या. ज्यांनी आयुष्याचा एक भाग अन्य तऱ्हेने काढला आहे अशांनाच हाताशी धरून आधुनिक परिचर्येचा पाया या दोन्ही ठिकाणी घातला गेला, हे नियम करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आता मध्यप्रदेशातील अर्जदाराने विसरू नये अशी एक दुःखद हकीकत सांगणे प्राप्त आहे. या राज्यात कागदोपत्री चालणाऱ्या नर्सिंग महाविद्यालयांचे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, सीबीआय चौकशीचा हुकूम झाला, आणि 2024 च्या प्रारंभी पुढे आलेल्या अहवालात 308 महाविद्यालयांपैकी 169 योग्य, 74 उणिवा असलेली आणि 65 अयोग्य ठरली. त्यानंतर काही महिन्यांतच, मे 2024 मध्ये, तपासणी करणाऱ्या पथकातील अधिकाऱ्यांनाच लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली, आणि योग्य ठरलेल्या महाविद्यालयांचीही फेरतपासणी करण्याची पाळी आली. या अवधीत 2020-21 च्या सुमारास प्रवेश घेतलेल्या असंख्य विद्यार्थ्यांची पहिल्या वर्षाची परीक्षासुद्धा वेळेवर होऊ शकली नाही. अठरा वर्षांच्या मुलीची अशी वर्षे वाया गेली तर ती हानी मोठीच. पण चालती नोकरी सोडून आलेल्या, बत्तीस वर्षांच्या, एका लेकराच्या आईची ती गेली, तर पुन्हा आरंभ करण्यास तिच्यापाशी वयच उरत नाही.

सबब अर्ज भरण्यापूर्वी महाविद्यालयाची इमारत पाहून समाधान मानू नये. त्याचे रुग्णालय पाहावे. परिषदेच्या निकषांप्रमाणे संस्थेचे स्वतःचे किमान शंभर खाटांचे रुग्णालय अपेक्षित आहे आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असावेत असा दंडक आहे. सकाळी आठच्या आणि दुपारी दोनच्या सुमारास, म्हणजे पाळी बदलण्याच्या वेळी, तेथे जाऊन उभे राहावे. खरे रुग्णालय असेल तर सुटणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला खाटेमागून खाट घेऊन जाताना दिसेल: या रुग्णाचे सलाईन किती वाजता लावले, याला ताप किती चढला, त्या बाईचे ड्रेसिंग राहिले आहे, लघवीचे प्रमाण तक्त्यावर लिहिले आहे, आणि तिच्या मागे वही घेतलेल्या विद्यार्थिनी असतील. जेथे खाटांवर चादरी कोऱ्या आहेत आणि हँडओव्हर द्यावयास रुग्णच नाहीत, तेथे शुल्काची पावती फाडू नये. त्याबरोबरच त्या वर्षाची मान्यता राज्याच्या परिचर्या नोंदणी परिषदेकडून आणि संलग्नता संबंधित विद्यापीठाकडून आहे की नाही, याची खातरजमा संस्थेच्या माहितीपत्रकावर न विसंबता मूळ यादीत करावी. गेल्या वर्षीची मान्यता चालू वर्षाला लागू पडते असे गृहीत धरू नये.

अर्जासोबतच्या दस्तऐवजांत एक कागद प्रौढ अर्जदारांच्याच वाट्याला येतो. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, मूलनिवासी दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, स्थलांतर प्रमाणपत्र, वैद्यकीय पात्रतेचा दाखला ही नेहमीची जंत्री झाली. पण शिक्षणात खंड पडलेल्यांकडे बहुधा गॅपचे शपथपत्रही मागतात, आणि ते मुद्रांक कागदावर नोटरीसमोर करून द्यावे लागते. मधल्या काळात आपण अन्य कोणत्या संस्थेत नियमित विद्यार्थी नव्हतो आणि कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झालेली नाही, असा त्याचा मजकूर असतो. त्या मसुद्यात आपल्या नोकरीचा काळ, पद आणि मालकाचे नाव स्पष्ट लिहावे, अनुभवाच्या दाखल्याची नक्कल सोबत जोडावी. ती वर्षे लपवण्यासारखी नसतात. ज्या बाईने बँकेच्या काउंटरवर चिडलेल्या ग्राहकाला शांत केले आहे, ज्या शिक्षिकेने साठ मुलांचा वर्ग सांभाळला आहे, तिला घाबरलेल्या नातलगाशी बोलणे वेगळे शिकवावे लागत नाही. कठीण जाते ते दुसरेच: आपल्याहून दहा वर्षांनी लहान सिस्टरच्या देखरेखीखाली बेडपॅन उचलणे, सहा तास उभे राहणे, आणि बारावीनंतर कधी न उघडलेले रसायनशास्त्र रात्री मुले निजल्यावर वाचणे. याची तयारी मनाने आधी करून ठेवावी, आणि नोकरी सोडण्यापूर्वी निदान एका वर्षाच्या खर्चाची तजवीजही.

2023 साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिसेवा आयोगाचा कायदा करून परिषदेचा 1947 चा जुना कायदा मोडीत काढण्याची तरतूद केली. या आयोगापुढे अनेक कामे असतील. परंतु कोणत्याही शाखेच्या पदवीधरांसाठी, एका वर्षाच्या विज्ञान-पूर्वतयारीनंतर, प्रत्यक्ष रुग्णसेवेचे तास पूर्ण ठेवून दोन-अडीच वर्षांत नोंदणीपर्यंत पोहोचवणारा अभ्यासक्रम त्याने आखावा, आणि त्याचा पहिला प्रयोग ज्यांच्यापाशी खरोखर रुग्ण आहेत अशा हमीदियासारख्या सरकारी रुग्णालयांत करावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री विषारी वायूने घुसमटलेले हजारो लोक हमीदियाच्या दारात आले. त्या वायूने पिडलेल्या अनेकांना चाळीस वर्षांनंतरही छातीच्या, डोळ्यांच्या विकारांसाठी शुश्रूषा लागते आहे. त्यांच्या खाटेपाशी उभे राहण्यास आपण होऊन तयार झालेल्या पदवीधर स्त्रीला या शहरात आज बारावीच्या गुणपत्रिकेवरूनच तोलले जाते. आयोगाच्या पहिल्या नियमावलीतच ही तरतूद बदलता येईल.